वर जाणं आणि वर राहणं: उपकक्षीय आणि कक्षीय उड्डाणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, आम्ही काही जण पन्हाळ्यावर दुर्बीण लावून बसतो. लोक येतात शनीची कडी बघायला आणि विचारतात रॉकेटबद्दल. मे २०२४ मध्ये गोपी थोटाकुरा ब्लू ओरिजिन या खासगी अमेरिकी कंपनीच्या कुपीतून (कॅप्सूलमधून) वर जाऊन आले आणि जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. तेव्हापासून एक प्रश्न दर खेपेला ठरलेला असतो: "दोघंही अंतराळातच गेले ना? मग एकाला दहा मिनिटं पुरली आणि दुसऱ्याला वीस दिवस लागले, असं कसं?" थंडीत तेच तेच बोलून घसा बसायला लागला, तेव्हा उत्तरं लिहून काढली. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळं मधेच फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं तर सांभाळून घ्या.

उपकक्षीय उड्डाण म्हणजे काय? सरळ एका वाक्यात सांगा.

जे रॉकेट किंवा यान अंतराळापर्यंत पोचतं, पण पृथ्वीभोवती एक फेरी पूर्ण व्हावी एवढा आडवा वेग त्याच्याकडे नसतो आणि म्हणून ते खाली येतं, त्याचं उड्डाण उपकक्षीय. 'आडवा' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

अंतराळ नक्की सुरू कुठं होतं?

समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटरवर, ही आंतरराष्ट्रीय विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या संघटनेनं मानलेली रेषा. तिला कारमान रेषा म्हणतात. अमेरिकेत ५० मैल, म्हणजे साधारण ८० किलोमीटर, ही हद्दही चालते. त्यामुळं जुलै २०२१ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचे रिचर्ड ब्रॅन्सन आणि त्यांच्यासोबत मूळच्या गुंटूरच्या शिरीषा बांदला सुमारे ८६ किलोमीटरवर जाऊन आल्या, तेव्हा त्या अंतराळात गेल्या की नाही यावर वाद झाले. हवा काही तिथं पाटी लावून संपत नाही, ती हळूहळू विरळ होत जाते. हद्द माणसानंच ठरवलेली आहे.

शंभर किलोमीटर म्हणजे किती, हे कोल्हापुरात सांगणं सोपं आहे. इथून बेळगाव याहून थोडं लांब. गाडी रस्त्यावर न चालवता सरळ वर चालवता आली असती, तर निपाणीत चहा घेऊन, बेळगाव यायच्या आत तुम्ही अंतराळात असता. अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर, म्हणजे रस्त्यानं मुंबईएवढं. अंतराळ लांब नाही हो. तिथं टिकणं अवघड आहे.

वर गेल्यावर गुरुत्वाकर्षण संपतं ना? मग तिथंच तरंगत राहायला काय हरकत आहे?

हा गैरसमज माझ्या वर्गातल्या हुशार पोरांनाही होता. गुरुत्वाकर्षण संपत नाही. १०० किलोमीटरवर ते जमिनीवरच्या सुमारे ९७ टक्के असतं, आणि अंतराळ स्थानकाच्या उंचीवर जवळपास ८९ टक्के. समजा चारशे किलोमीटर उंच शिडी केली आणि तिच्या टोकावर वजनकाटा ठेवून उभे राहिलात, तर ७० किलोचा माणूस ६२ किलो भरेल. शिडीवरून पाय सुटला की धोंड्यासारखा खाली.

मग अंतराळ स्थानक खाली का पडत नाही?

ते पडतंच आहे, अखंड पडतंय. फक्त जमीन त्याच्या हाती लागत नाही.

हे समजावायला न्यूटननं तोफेचं उदाहरण दिलं होतं. उंच डोंगरावर तोफ ठेवायची आणि आडवा गोळा सोडायचा. आपण ती तोफ पन्हाळ्याच्या बुरुजावर ठेवू. हवेचा अडथळा नाही असं घटकाभर मानू. पहिला गोळा खाली वाडीत पडला. दारू वाढवली, दुसरा कोल्हापुरात. आणखी वाढवली, तिसरा गेला सोलापूरच्या पुढं. इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

आता एक हिशेब. कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात ती ४.९ मीटर खाली येते. गोळा आडवा कितीही जोरात चालला असला तरी या पडण्यात फरक होत नाही. पण पृथ्वी गोल आहे, म्हणून जमीनही वाकत जाते. शहरातून गोकुळ शिरगावकडे निघालात की आठेक किलोमीटरवर, आपण मुळात धरलेल्या सरळ रेषेपेक्षा जमीन जवळपास पाच मीटर खाली गेलेली असते. म्हणजे गोळ्यानं एका सेकंदात सुमारे ७.९ किलोमीटर आडवं अंतर कापलं, तर तो ४.९ मीटर पडेल आणि जमीनही तेवढीच खाली सरकलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. दीड तासानं गोळा पन्हाळ्याला पश्चिमेकडून, मागून येऊन पोचेल. तोफखान्यानं डोकं खाली घातलेलं बरं.

ही झाली कक्षा. त्याहून कमी वेगाचा प्रत्येक गोळा, मग तो वाडीत पडो की आफ्रिकेत, उपकक्षीयच.

एकदा हे सांगत असताना पन्हाळ्याजवळच्याच एका गावातला पोरगा म्हणाला, "सर, आमच्या आज्याची गोफण हाय." पुढच्या महिन्यात घेऊन आला. सुती दोरीची, मधे विणलेली पट्टी, एका टोकाला बोट अडकवायची कडी. त्यानं दोनदा दगड सोडला. पहिला बराच उंच गेला आणि आमच्यापासून वीस पावलांवर धप्पकन पडला. दुसरा त्यानं जवळजवळ जमिनीला समांतर सोडला, तो सूं करत जो गेला तो कुठं पडला ते दिसलंच नाही. ताकद दोन्ही वेळा तेवढीच होती. फळ्यावर तीस वर्षं काढलेल्या माझ्या आकृत्यांपेक्षा ते दोन दगड जास्त बोलले.

दोन्हींत ऊर्जेचा फरक किती? दुप्पट, तिप्पट?

विजेच्या बिलाच्या भाषेत सांगतो. एक किलो वस्तू १०० किलोमीटर वर उचलायला शुद्ध हिशेबानं पाव युनिटाच्या आसपास ऊर्जा लागते. तीच वस्तू ४०० किलोमीटरच्या कक्षेत ठेवायला नऊ युनिटांच्या वर. ७० किलोचा माणूस धरला तर १९ युनिट विरुद्ध जवळपास ६५०. तीस पटीहून जास्त.

आता त्या ६५० ची फोड बघा. त्यातली सत्तरेक युनिटंच उंचीसाठी आहेत. बाकी सगळी आडव्या वेगासाठी, ताशी २७,६०० किलोमीटरसाठी. रॉकेट 'वर' जातं असं आपण म्हणतो, पण त्याचा बहुतेक खर्च आडवं पळण्यावर होतो.

तीसपट ऊर्जा, तर इंधनही तीसपट भरायचं. त्यात काय एवढं?

कारखान्याला ऊस घेऊन निघालेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. अट एकच: वाटेत कुठंही वैरण मिळणार नाही, सगळी गाडीतच भरायची. कारखाना जवळ असेल तर दोन पेंढ्या टाकल्या की झालं. कारखाना लांब गेला की वैरण वाढली. वैरणीचं ओझं वाढलं म्हणून जास्तीचे बैल जुंपले. त्या बैलांची वैरण पुन्हा गाडीत. एक वेळ अशी येते की गाडीभर वैरणच असते आणि उसाची एक मोळी कशीबशी वर बांधलेली असते.

रॉकेटचं तसंच आहे. १९०३ मध्ये त्सिओल्कोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं या गणिताचं समीकरण छापलं. इंजिनातून वायू सेकंदाला तीन किलोमीटरनं बाहेर पडतोय असं धरा. शंभर किलोमीटर वर जाऊन यायला, वाटेत हवा आणि गुरुत्वाकर्षण खातात तो वेग धरून, सेकंदाला दोनेक किलोमीटर वेगाची तजवीज लागते. तेवढ्यासाठी रॉकेटच्या वजनात निम्मं इंधन पुरतं. कक्षेसाठी हीच तजवीज सव्वानऊ-साडेनऊ किलोमीटरची होते, आणि मग शंभरात शहाण्णव भाग इंधन. उरलेल्या चार भागांत टाक्या, इंजिनं, नळ्या, संगणक आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तो उपग्रह.

म्हणून टप्पे. वैरण संपलेली गाडी वाटेत सोडून द्यायची, तिचे बैलही सोडायचे, आणि हलकं होऊन पुढं जायचं. उपकक्षीय उड्डाण एका टप्प्यात भागतं. आजवर जमिनीवरून कक्षेत गेलेल्या प्रत्येक रॉकेटनं वाटेत काही ना काही टाकलेलंच आहे.

आकडे पाहायचे असतील तर हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं 'विक्रम-एस' रॉकेट घ्या. १८ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोट्याहून उडालं, ८९.५ किलोमीटरवर पोचलं, आणि त्याचं वजन होतं ५४५ किलो. मोठ्या म्हशीच्या आसपास म्हणा. आपलं पहिलं कक्षेत जाणारं रॉकेट, एसएलव्ही-३, १७ टनांचं होतं, आणि ते ४० किलोच्या आसपासचा उपग्रह कसाबसा पोचवू शकायचं.

आडवाच वेग हवा तर रॉकेट सरळ आडवंच का सोडत नाहीत?

हवेमुळं. खालच्या दाट हवेत त्या वेगानं पळायला गेलं तर रॉकेट जळेल, मोडेल. म्हणून आधी सरळ वर, हवा विरळ होईपर्यंत, आणि मग हळूहळू कलत कलत आडवं. टीव्हीवर श्रीहरिकोट्याचं उड्डाण पाहताना रॉकेट धुराची कमान काढत समुद्राकडं झुकतं ना, ते भरकटत नसतं. घरातलं कुणीतरी "अरे वाकडं चाललंय की!" म्हणतंच. वाकडं जायलाच हवं.

बहुतेक वेळा ते पूर्वेकडं झुकतं, कारण पृथ्वी स्वतः पूर्वेकडं फिरते. श्रीहरिकोट्याची जमीन ताशी सोळाशे किलोमीटरच्या वेगानं आधीच पळते आहे. तेवढा आडवा वेग फुकट.

पहिला अंतराळवीर गागारिन की शेपर्ड? दोन्ही नावं वाचली आहेत.

सोव्हिएत संघाचे युरी गागारिन, १२ एप्रिल १९६१. पृथ्वीभोवती एक फेरी, एकूण १०८ मिनिटं. अमेरिकेचे ॲलन शेपर्ड २३ दिवसांनी, ५ मे १९६१ ला गेले, १५ मिनिटं, १८७ किलोमीटर उंच, आणि अटलांटिक समुद्रात उतरले. गंमत अशी की शेपर्ड यांची सर्वांत जास्त उंची गागारिन यांच्या कक्षेच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा जास्तच होती. उंचीवर मोजलं तर फरक फार मोठा नाही. वेगावर मोजलं तर शेपर्ड ताशी ८,३०० किलोमीटरच्या आसपास आणि गागारिन २८,००० च्या आसपास.

अमेरिकेला ही दरी भरायला आणखी नऊ महिने लागले. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन यांनी तीन फेऱ्या मारल्या. कुपी शेपर्ड यांच्यासारखीच, मर्क्युरीच. खालचं रॉकेट मात्र बदललं: शेपर्ड यांचं रेडस्टोन सुमारे ३० टनांचं, ग्लेन यांचं ॲटलस जवळपास १२० टनांचं. प्रवासी एक, कुपी तीच, रॉकेट चौपट.

उपकक्षीय रॉकेटांना काही अर्थ आहे की नुसता श्रीमंतांचा पाळणा?

पाळण्याकडं नंतर येतो. आधी थुंबा.

वातावरणाचा ४० पासून दोनेकशे किलोमीटरपर्यंतचा पट्टा मोठा अडचणीचा आहे. फुगे तिथं पोचत नाहीत, कारण त्यांना तरंगायला हवा लागते. उपग्रह तिथं टिकत नाहीत, कारण आहे तेवढी हवाही त्यांना खाली खेचते. तिथं मोजमाप करायचं तर वर जाऊन खाली येणारं छोटं रॉकेटच हवं. यांना साउंडिंग रॉकेट म्हणतात. काही जुन्या मराठी लेखांत याचं 'ध्वनी रॉकेट' झालेलं मी पाहिलं आहे. आवाजाशी त्याचा काही संबंध नाही. खलाशी दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली मापतात, त्या कामाचा हा शब्द. इथं दोरी वरच्या दिशेनं सोडायची, एवढंच.

तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा हे मच्छीमारांचं गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताला लागून आहे, आणि तिथं साधारण शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो. त्याचा अभ्यास करायला याहून चांगली जागा नव्हती. विक्रम साराभाईंनी ती निवडली, गावानं आपलं मेरी मॅग्डलीन चर्च दिलं, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून नाइके-अपाचे जातीचं अमेरिकी रॉकेट उडालं. त्यानं वर सोडियमची वाफ सोडली, आणि संध्याकाळच्या आकाशात रंगीत ढग उमटला. रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याचं छायाचित्र तुम्ही पाहिलंच असेल. पुढं आपली रोहिणी मालिका आली. आरएच-७५, आरएच-२००, आरएच-५६० या नावांतले आकडे म्हणजे रॉकेटचा मिलिमीटरमधला व्यास; ७५ म्हणजे आपल्या परसातल्या तीन इंची पाइपाएवढं!

थुंब्याच्या पहिल्या उड्डाणापासून आपला उपग्रह पहिल्यांदा आपल्याच रॉकेटनं कक्षेत जाईपर्यंत, म्हणजे १८ जुलै १९८० पर्यंत, जवळपास सतरा वर्षं गेली. त्याआधी १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं एसएलव्ही-३ दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणात बिघाड होऊन बंगालच्या उपसागरात पडलं होतं. उपकक्षीय ते कक्षीय हे अंतर किती, असं कुणी विचारलं की मी ही सतरा वर्षं सांगतो.

आजही नवं काही तपासायचं तर आधी उपकक्षीय उड्डाणच करतात. १८ डिसेंबर २०१४ ला इस्रोनं माणसं नेण्यासाठीची कुपी रिकामीच १२६ किलोमीटरवर नेली आणि छत्र्यांच्या आधारानं समुद्रात उतरवली. ती गगनयानाची पायरी.

कक्षा थोडक्यात हुकली असं होतं का? की गेलं तर गेलं, पडलं तर पडलं?

होतं, आणि याचं उदाहरण आठवलं की अजून हळहळ वाटते. ७ ऑगस्ट २०२२, एसएलव्हीचं धाकटं भावंड म्हणावं असं एसएसएलव्ही, पहिलं उड्डाण. त्यात देशभरातल्या ७५० शाळकरी मुलींनी मिळून केलेला 'आझादीसॅट' होता. तिन्ही मुख्य टप्पे पेटले, उपग्रह सुटले. टाळ्या वाजायला हव्या होत्या. ३५६ किलोमीटरची गोल कक्षा हवी होती, मिळाली ३५६ गुणिले ७६ ची. म्हणजे एका बाजूला उंची बरोबर, पण अर्धी फेरी मारून पलीकडं गेलं की उपग्रह ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणार, आणि तिथली हवा त्याला सोडणार नाही.

कारण काय? दुसरा टप्पा वेगळा होताना जोराचा हादरा बसला. वेगबदल मोजणाऱ्या संवेदकांची मापं क्षणभर भरकटली, संगणकाला वाटलं संवेदक बिघडले, आणि त्यानं मोजणं सोडून आधी भरलेल्या आकड्यांवर गाडी पुढं हाकली. कागदावर गणित मांडून पाहिलं तर शेवटी वेगाची तूट सेकंदाला शंभर मीटरच्या आतलीच निघते. ७.७ किलोमीटरमध्ये शंभर मीटरही नाहीत! शंभरपैकी नव्व्याण्णव मार्क मिळवून नापास, असा हा पेपर आहे. दुसरं उड्डाण १० फेब्रुवारी २०२३ ला नीट झालं, आणि त्यात मुलींचा 'आझादीसॅट-२' होता.

माणसं बसलेली असताना कक्षा हुकल्याचंही उदाहरण आहे. ११ ऑक्टोबर २०१८ ला सोयूझ एमएस-१० चं रॉकेट वाटेतच बिघडलं. कुपी सुटून सुमारे ९३ किलोमीटरपर्यंत गेली आणि कझाकस्तानात उतरली. आतले दोन्ही अंतराळवीर, ओव्हचिनिन आणि हेग, सुखरूप. निघाले होते सहा महिन्यांसाठी, घडलं वीस मिनिटांचं उपकक्षीय उड्डाण. पुढच्या मार्चमध्ये दोघं पुन्हा गेले आणि पोचले.

परत येताना यान तापतं म्हणतात. दोन्ही तापतात का?

हा प्रश्न शिरोलीच्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या गृहस्थांनी विचारला होता, म्हणून त्यांच्याच भट्टीत उत्तर सापडलं. बिडाचं ओतकाम साधारण १४०० अंशांना होतं. कक्षेतून परतणाऱ्या यानाच्या पुढच्या अंगाचं तापमान त्याच्याही वर जातं. ती सगळी ऊर्जा, मघाची साडेसहाशे युनिटं, कुठंतरी जायलाच हवी. यान पुढची हवा दाबतं, हवा तापते, आणि यानाला चटका देते. म्हणून जाड कवच लागतं. कवचाला इजा झाली तर काय होतं ते १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यानाच्या वेळी जगानं पाहिलं. उड्डाणाच्या वेळी सुटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. कल्पना चावला त्या यानात होत्या.

शंभर किलोमीटरवरून सरळ खाली येणारं उपकक्षीय यान याच्या तिसांशाहून कमी ऊर्जा घेऊन येतं, म्हणून तापण्याचा प्रश्न खूप सौम्य असतो. पण एक उलटी गोष्ट आहे: ते सरळ खाली कोसळत येतं, त्यामुळं दाट हवेत अचानक ब्रेक लागतो. शेपर्ड यांना उतरताना ११ जीच्या वर भार सोसावा लागला, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या अकरापट. कक्षेतून तिरकं उतरणाऱ्या ग्लेन यांना याहून कमी. फाउंड्रीवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे एकाला भाजतं, दुसऱ्याला दाबतं." बरोबर.

दहा मिनिटांच्या सफरीत तरंगता येतं ते खरं की खोटं?

खरं. इंजिन बंद झाल्यापासून हवा लागेपर्यंत, तीन-चार मिनिटं. तुम्ही आणि कुपी एकाच वेगानं पडत असता, म्हणून तरंगता. कक्षेतही कारण हेच, फक्त पडणं संपत नाही.

तिकीट काढून गेलेल्यांना अंतराळवीर म्हणायचं का?

म्हणणाऱ्यानं म्हणावं. २० जुलै २०२१ ला ब्लू ओरिजिनचे मालक जेफ बेझोस यांच्यासोबत ८२ वर्षांच्या वॉली फंक गेल्या. १९६१ मध्ये त्यांनी अंतराळवीरांच्या चाचण्या दिल्या होत्या, पण बाई म्हणून संधी मिळाली नाही. साठ वर्षांनी दहा मिनिटं मिळाली. त्यांना कुणी अंतराळवीर म्हटलं तर मी तरी आडवा येणार नाही. एरवी मी 'अंतराळ प्रवासी' म्हणतो. एसटीत बसून पंढरपूरला गेलेला आणि आळंदीपासून चालत गेलेला, दोघांनाही विठोबा दिसतो. पण वारकरी आपण एकालाच म्हणतो.

पैशांचा फरकही सांगतो, कारण तो विचारल्याशिवाय कुणी गड उतरत नाही. व्हर्जिन गॅलॅक्टिकनं २०२१ मध्ये तिकीट साडेचार लाख डॉलर ठेवलं होतं. कक्षेत स्वखर्चानं जाणारे पहिले प्रवासी डेनिस टिटो यांनी २००१ मध्येच दोन कोटी डॉलर मोजल्याचं सांगतात. भाव रॉकेटच्या वजनाप्रमाणं चढतो.

क्षेपणास्त्रं पण अंतराळातून जातात म्हणे?

लांब पल्ल्याची जातात, आणि ती सगळी उपकक्षीय असतात. ठरल्या जागी पडावीत म्हणूनच तर सोडलेली असतात. २७ मार्च २०१९ ला भारतानं 'मिशन शक्ती'त स्वतःचाच एक उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर पाडला. पाडणारं क्षेपणास्त्र कक्षेत गेलं नव्हतं, त्याला जायचंही नव्हतं. चालत्या एसटीला दगड मारायचा तर एसटीच्या वेगानं पळावं लागत नाही, ती येण्याच्या जागी दगड वेळेवर पोचवावा लागतो.

कोल्हापुरातून यातलं काय दिसतं?

उपकक्षीय काहीच नाही. श्रीहरिकोट्याचं उड्डाणही सहसा नाही. ते सातशे किलोमीटरच्या पुढं आहे, आणि रॉकेट आपल्यापासून लांबच जातं. पण अंतराळ स्थानक साध्या डोळ्यांनी दिसतं, दुर्बीणही नको. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, शुक्रासारखा ठळक ठिपका, न लुकलुकता, पश्चिमेकडून पूर्वेकडं सरकत जातो. जास्तीत जास्त पाच-सहा मिनिटं. लुकलुकत असेल आणि लाल-हिरवा दिवा असेल तर ते विमान. कधी कधी मधेच, डोक्यावर असतानाच विझतो. तिथं तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो.

वेगाचा अंदाज घ्यायचा तर घड्याळ लावा: कोल्हापूर ते पुणे त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. पुढच्या दीड तासात तो जगाला फेरी मारून आलेला असतो, फक्त तोवर पृथ्वी फिरल्यामुळं पुन्हा आपल्याच डोक्यावर येतो असं नाही.

वेळ मात्र नीट बघा. एकदा मी पंचवीस-तीस जणांना संध्याकाळी रंकाळ्यावर बोलावलं. भेळ संपली, पोरं कंटाळली, आकाशात काही नाही. घरी येऊन पाहिलं तर वेळ पहाटेची होती; मी पाच वाजून बावन्न मिनिटं एवढंच वाचलं होतं. आणि शुक्ला वर होते तेव्हा नेमका आपल्याकडं पाऊस. आषाढी एकादशीला, ६ जुलैला, नंदवाळहून परतताना एका ओळखीच्या माउलींनी विचारलं, "तो पोरगा आत्ता आपल्या वर असंल का?" मी ढगांकडं बोट दाखवलं. त्यांनी ढगांनाच हात जोडले.

मुलांना घरी रॉकेट करायचं आहे. काय सांगावं?

काड्यापेटीचं गूल, फटाक्याची दारू यांना हात लावू देऊ नका, हे आधी. प्लॅस्टिकच्या बाटलीचं पाण्याचं रॉकेट करा. शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी, घट्ट बसणारं बूच, त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि हवेचा पंप. पाणी खाली फेकलं जातं, बाटली वर जाते. पंप मारणाऱ्यानं लांब नळी वापरावी, बाटलीवर ओणवं होऊ नये, आणि बाकीच्यांनी दहा-पंधरा पावलं मागं राहावं.

आमच्या एका शिबिरात बाटली तीन मजली इमारतीच्या वर गेली. सगळी पोरं ओरडली, "लई भारी!" एक मुलगी गप्प होती. म्हणाली, "सर, पण ही उपकक्षीय झाली. आडवी सोडू या ना." म्हटलं, सोड. तिनं स्टँड झोपवला, पंप मारला, आणि बाटली मैदान ओलांडून जी गेली ती कुंपणापलीकडच्या जास्वंदीत. माळीमामा बाहेर आले तेव्हा पंप माझ्या हातात होता.